लेकरांना डोंगर दाखवायचा होता

थोरलीच्या चित्रकलेच्या वहीत सात चित्रं होती आणि सातही चित्रांत डोंगर होते. दोन त्रिकोण, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वळणं घेत आलेली नदी. वही चाळता चाळता मी विचारलं, "हा कुठला डोंगर गं?" ती म्हणाली, "कुठला म्हणजे? डोंगर असाच असतो."

नऊ वर्षांची पोर. परभणीत जन्मली, परभणीत वाढली. आमच्याकडं नजर जाईल तिथवर काळी माती, सोयाबीन, कापूस, बांधावर एखादं लिंबाचं झाड. माहूरची रेणुका आमची कुलदेवी, तिथं दोनदा गेलोय. पण दोन्ही वेळा रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं आणि त्याच दिवशी माघारी फिरायचं. तिला पायऱ्या आठवतात, गर्दी आठवते, तांबुलाचा प्रसाद आठवतो. डोंगर आठवत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, दख्खनचं पठार दरवर्षी फळ्यावर काढते, आणि माझ्या पोरीला डोंगर त्रिकोणी वाटतो, हे मला लागलं. त्याच रात्री ह्यांना म्हणलं, दोन दिवस काढा, लेकरांना डोंगर दाखवायचाय.

नणंदबाईंनी फोनवर महाबळेश्वर सुचवलं. परभणीहून तिथं जायला एका बाजूचे दहा-अकरा तास. धाकटा पाच वर्षांचा, त्याला गाडी लागते, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. दोन दिवसांतला पाऊण वेळ गाडीतच गेला असता. म्हणून कागदावर आधी तीन गोष्टी लिहिल्या: सहा तासांच्या वर प्रवास नको, मुक्काम एकाच ठिकाणी, आणि दिवसाला एकच मोठी जागा. ठिकाणाचं नाव त्यानंतर लिहायला घेतलं. असं उलटं केल्यानं अर्धी नावं आपोआप गळाली. बीडकडच्या बालाघाटातला सौताडा मनात होता, पण धबधब्याच्या काठावर धाकट्याला सांभाळायचं म्हणजे माझा जीव सगळा वेळ त्याच्या मनगटातच अडकला असता. राहिलं म्हैसमाळ. खुलताबादच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे १०६७ मीटर. आमची परभणी चारशेच्या आसपास. म्हणजे लेकरं खरोखर वर चढणार होती, आणि गाडी थेट माथ्यापर्यंत जाणार होती, त्यामुळं सासूबाईही येऊ शकत होत्या.

तारीख ठरवणं ठिकाणापेक्षा अवघड गेलं. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. जून-जुलैत पेरणी, मग खतं, मग फवारण्या. दुकान सोडून हलता येत नाही. श्रावणात सगळे म्हणतात तसा डोंगर हिरवागार असतो खरा, पण श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक रात्रभर चालत येतात आणि सोमवारी वेरूळच्या घृष्णेश्वराला रांगा लागतात. त्या दिवसांत लेकरं घेऊन त्या रस्त्यावर जाणं म्हणजे गाडीत बसून राहणं. पुढं पोळा, गणपती, महालक्ष्म्या. नवरात्रात माझे उपवास, ऑक्टोबरात थोरलीची सत्र परीक्षा. राहता राहिला पितृपंधरवडा. सप्टेंबरचा शेवट, पाऊस ओसरलेला, हिरवं अजून टिकलेलं, खोल्याही रिकाम्या.

सासूबाईंना विचारायला मी दोन दिवस घेतले. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या, तेव्हा हळूच विषय काढला.

"आत्याबाई, पंधरवड्यात जावं का असं दोन दिवस?"

त्यांनी मान वर केली नाही. "पित्रं घरी येत्यात आन् आपण दाराला कुलूप लावून फिरायचं का?"

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच म्हणाल्या, "ह्यांची तिथी षष्ठीला. ती झाली, पान वाढलं, कावळ्यानं घास घेतला, की आपलं काम झालं. त्याच्यापुढच्या शनिवारी जाऊ." आपण येणार की नाही हे त्यांनी सांगितलंच नाही. 'जाऊ' म्हणाल्या त्यात मला कळलं.

खोलीसाठी चार ठिकाणी फोन केले. खाली खुलताबाद-वेरूळला सोय जास्त आहे, पण मला पहाट डोंगरावर हवी होती. माळावरच्या एका लॉजवाल्याला मी नीट सांगितलं: आजीचे गुडघे दुखतात, खोली तळमजल्यावरच पाहिजे. तो "हो ताई, काळजी करू नका" म्हणाला, ह्यांनी आगाऊ पैसे पाठवले. इथं माझी चूक झाली, ती सांगते, कारण तीच पुढं नडली. मी जे बोलले ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं नाही आणि त्याचं उत्तर मागितलं नाही. फोनवरचं बोलणं फोनवरच राहतं.

गाडीचं मात्र डोकं लावून केलं. ओळखीचा ड्रायव्हर घेतला, म्हणजे हे मागं लेकरांपाशी बसू शकतील. लेकरांच्या डॉक्टरांकडं जाऊन धाकट्यासाठी उलटीचं औषध विचारून घेतलं. ते निघायच्या अर्धा तास आधी द्यायचं असतं, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते फार कामाचं. गाडी हलतेय हे कानाच्या आतल्या भागाला कळत असतं, आणि डोळे जर आत कशावर तरी खिळलेले असले तर ते सांगतात की आपण एका जागी बसलोय. ह्या दोघांचं पटत नाही म्हणून मळमळतं. लेकराला लांबचं बघायला लावा, खिडकीतून.

शुक्रवारी रात्री दशम्या केल्या, दुधात गूळ विरघळवून कणीक भिजवली की दोन-तीन दिवस मऊ राहतात. धपाट्यांचं पीठ रात्रीच भिजवून ठेवलं होतं. पहाटे साडेतीनला उठून ओल्या फडक्यावर थापत बसले. ज्वारीचं पीठ, त्यात थोडी कणीक आणि डाळीचं पीठ, लसूण, ओवा, तीळ, हळद-तिखट. बोटांनी मधे चार भोकं पाडायची, तव्यावर फडकं उलटं टाकायचं आणि वरून पाण्याचा हात फिरवून अलगद सोलून घ्यायचं. तेल भोकांत सोडलं की चर्र आवाज होतो. त्या आवाजानं धाकटा उठला आणि डोळे चोळत स्वयंपाकघरात येऊन बसला. "डोंगर आला का?" म्हणून विचारलं. बावीस धपाटे झाले. शेंगदाण्याची चटणी, दही वेगळ्या डब्यात. बाकी सामानात दोघांचे दोन-दोन जादा कपडे, स्वेटर, ओआरएसच्या पुड्या, टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं, प्लास्टिकच्या पिशव्या, टॉवेल. जादा कपड्यांची पिशवी डिकीत ठेवू नका, पायाशी ठेवा.

पाचला निघालो. जिंतूर, मंठा, जालना असा रस्ता. मला घाटाची धास्ती होती आणि उलटी झाली मंठ्याच्या अलीकडं, तेही अगदी सरळ रस्त्यावर. मी डुलकी काढली तेवढ्यात धाकट्यानं बापाचा मोबाइल मिळवला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं असं समोर घडलं. गाडी थांबवली, तोंड धुतलं, कपडे बदलले, मोबाइल माझ्या पर्समध्ये गेला. मग थोरलीनं खेळ काढला: लांबचं काहीतरी सांगायचं आणि दुसऱ्यानं ते शोधायचं. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, बगळे. त्यानंतर म्हैसमाळच्या माथ्यापर्यंत काही झालं नाही.

जालन्यात चहा, धपाटे. संभाजीनगर ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलो आणि झाडांच्या वर देवगिरी दिसला.

"ए आई! टोक!" थोरली खिडकीत उठून उभीच राहिली.

तिच्या वहीतला डोंगर तिथं उभा होता. सपाटीवरून एकटाच वर आलेला, शंकूसारखा, सुमारे दोनशे मीटर उंच. तिला म्हणलं, आता खालचा भाग बघ. खालची कडा सरळ भिंतीसारखी आहे ना? ती मुळात अशी नव्हती. शत्रूला चढता येऊ नये म्हणून माणसांनी ती छिन्नी-हातोड्यानं चौफेर तासली. यादवांची राजधानी होती ही. ती बघत राहिली. किल्ल्यावर जायचं दोघं म्हणत होती, पण आमच्या कागदावर दिवसाला एकच जागा होती आणि मी ती मोडली नाही. शेकडो पायऱ्या, मधे काळोखी भुयारी वाट; पाच वर्षांच्या लेकराला आणि गुडघेदुखीला घेऊन भर दुपारी ते होत नाही. तो किल्ला एक अख्खा दिवस मागतो. रस्त्याकडेला बायका सीताफळं घेऊन बसल्या होत्या, त्यांना येताना घेऊ म्हणून सांगितलं.

खुलताबादेत शनिवारची गर्दी होतीच. भद्रा मारुती रविवारवर टाकला होता, म्हणून थेट वर गेलो. घाट लहान आहे, पण वळणावर समोरची गाडी दिसत नाही; ड्रायव्हर सवयीचा असला की आपला जीव थाऱ्यावर राहतो.

वर पोचलो आणि थोरलीचा चेहरा उतरला. "डोंगर कुठंय?"

"आपण डोंगरावरच आहोत."

"मग टोक कुठं गेलं?"

समोर माळ पसरला होता, आमच्या शिवारासारखा. गवत, तेरडा, गुलाबी-पांढरे कुर्डूचे तुरे, वारा. मी तिला कडेपर्यंत नेलं, आणि पलीकडच्या डोंगरांकडं बोट दाखवलं. सगळ्यांचे माथे सपाट, जणू एकाच सुरीनं कापलेले, आणि अंगावर आडव्या पायऱ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला. त्याच्यावर पुन्हा दुसरा थर, पुन्हा तिसरा. धपाट्यावर धपाटा ठेवल्यासारखे. मग पाण्यानं मधला भाग झिजवून नेला, आणि उरले ते हे डोंगर. वर्गात हे मी वीस मिनिटांत शिकवून मोकळी होते. इथं थोरलीनं एकेक थर बोटानं मोजला, सातपर्यंत गेली, मग ढग आला.

आणि तो ढग गेलाच नाही. चार वाजता दरी झाकली, पाचला दहा पावलांवरचं दिसेना. मी सूर्यास्त दाखवायचं ठरवून आले होते, सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. लेकरं हिरमुसली. त्यात लॉजवर गेलो तर खोली वरच्या मजल्यावर. तळमजल्याच्या खोल्या एका मोठ्या ग्रुपला दिल्या होत्या. मी फोनवरचं बोलणं सांगितलं, समोरचा म्हणाला, "तसं काही लिहिलेलं नाही ताई." मला रडू यायचं बाकी होतं. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या, मधे दोनदा थांबल्या, आणि मला त्यांच्या पाठीमागं उभं राहून ते बघावं लागलं. खोली स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती, गरम पाणी बादलीनं वर आणून दिलं. पण एक ओळ लिहून घेतली असती तर हे टळलं असतं.

संध्याकाळी वीज गेली. टॉर्च मधे ठेवून गोधडीवर सगळे बसलो, उरलेले धपाटे, दही, चटणी. सासूबाईंनी मग लेकरांना कुर्डू आणि तरोट्याच्या गोष्टी सांगितल्या. गोष्टी म्हणजे त्यांच्या लहानपणच्या दुष्काळाच्या. बाजारात काही मिळायचं नाही, तेव्हा बांधावरचा तरोटा, कुर्डू, तांदुळजा आणून आई भाजी करायची, आणि तेवढ्यावर घर चालायचं. "ते बाहेर गुलाबी तुऱ्याचं बगितलंस ना, ते कोवळं असताना खायचं," त्या म्हणाल्या. थोरलीनं विचारलं, "आज्जी, तुला डोंगर माहीत होता लहानपणी?" त्या म्हणाल्या, "आमाला पाणी कुठंय तेवढं माहीत होतं."

पहाटे साडेपाचला धाकट्यानं उठवलं. बाहेर आलो तर आभाळ स्वच्छ आणि ढग खाली. खरोखर खाली, दरीत भरलेला, कापूस पिंजून ठेवल्यासारखा, आणि त्यातून समोरचे सपाट माथे वर निघालेले. मी खोलीत पळाले, सासूबाईंना शाल दिली. त्या पुन्हा त्या पायऱ्या उतरल्या. लॉजवाल्या पोरानं न सांगता प्लास्टिकची खुर्ची आणून माळावर ठेवली. अर्धा तास त्या काही बोलल्या नाहीत. धाकटा त्यांच्या मांडीवर शालीत शिरून बसला होता. सूर्य वर आला तसा ढग कडेनं विरत गेला, आणि खाली शेतं, तळी, गावं एकेक करून उघडी झाली.

गिरिजामातेच्या देवळात गेलो. मनात ठेवलेली गोष्ट मी थोरलीला तिथं सांगितली. ह्या डोंगरातून गिरिजा नदी निघते. फुलंब्रीकडून खाली जाते, पूर्णेला मिळते. पूर्णा वाकडीतिकडी होत आपल्या जिंतूर तालुक्यात येते, तिथं येलदरीचं धरण आहे. आणि परभणीत आपल्या नळाला येतं ते पाणी येलदरीचं.

"म्हणजे इथला पाऊस आपल्या माठात?"

"थोडा तरी."

ती कडेला एक इवलासा ओहोळ गवतातून वाहत होता तिथं गेली, बोट बुडवलं, आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली. उन्हाळ्यात पाणी मोजून वापरणाऱ्या घरातली पोर आहे ती. तिला सांगायला लागत नाही. निघताना वानरांच्या टोळीनं धाकट्याच्या हातातलं मक्याचं कणीस नेलं, तो घाबरला. वर आहात तोवर खाण्याची पिशवी बंद ठेवा आणि लेकराच्या हातात उघडं काही देऊ नका, एवढं सांगते.

रविवारची एक जागा म्हणजे वेरूळ, आणि वेरूळमधलं फक्त सोळा नंबरचं लेणं, कैलास. चौतीस लेणी आहेत, सगळी बघू गेलं तर मोठी माणसंही शेवटी नुसती चालत राहतात. नाश्ता करून लगेच खाली आलो, गर्दी व्हायच्या आत पोचलो. माणशी चाळीस रुपये तिकीट, पंधरा वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, हे आधी बघून जावं.

आधी आत न जाता ह्यांनी दोघांना हाताला धरून बाजूच्या वाटेनं डोंगरावर नेलं, जिथून खाली कैलासाचा कळस दिसतो. मी सासूबाईंबरोबर अंगणात, हत्तीपाशी बसले. वर कडा आहे, लेकरांचे हात अजिबात सोडायचे नाहीत. थोरली खाली आली ती धापा टाकत. "आई, हे बांधलेलं नाहीच! हा डोंगरच आहे. वरून खाली कोरत आलेत." बापानं तिला सांगितलं होतं की आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळात, कारागिरांनी माथ्यापासून सुरुवात केली आणि पायापर्यंत आले, एखादा दगड चुकीचा गेला तर तो परत लावता येणार नव्हता. तिनं कालसारखेच थर भिंतीत शोधले. सापडले. हत्तीच्या पायापाशी उभी राहून तिनं बोटानं एक आडवी रेघ मला दाखवली. दोन तास आम्ही एकाच लेण्यात होतो आणि कुणीही 'चला' म्हणालं नाही.

दुपारी भद्रा मारुती. झोपलेला मारुती बघून धाकटा कुजबुजत बोलायला लागला, देव उठेल म्हणून. सासूबाईंचं दर्शन निवांत झालं, ते रविवारवर टाकल्यामुळं. दौलताबादच्या बायकांकडून सीताफळं घेतली, डोळे उघडलेली पण कडक. घरी गव्हाच्या डब्यात ठेवली की दोन दिवसांत पिकतात.

जालना सोडल्यावर धाकटा झोपला. अंधार पडला. जिंतूरजवळ गाडीच्या उजेडात पाटी आली आणि थोरली मोठ्यानं वाचत ताठ बसली: "येलदरी! आई, येलदरी! आपण आधी पोचलो, पाणी अजून मागंच असेल."

पुढच्या सीटवरून सासूबाई वळल्या. मला वाटलं पाय दुखत असतील, थांबायचं म्हणतील.

"अगं, पुढच्या बारीला," त्या म्हणाल्या, "खालची खोली लिहून घे त्या माणसाकून. श्रावण सरल्यावर."